पाच हजार मैलच चाललेली जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची असेल तर

फेब्रुवारी २०२३ मध्ये इंग्लंडातल्या एका लिलावात १९८७ ची फोर्ड सिएरा कॉसवर्थ आरएस५०० गेली ५,९६,२५० पौंडांना. मीटरवर ५,१९२ मैल. नवी होती तेव्हा तिची किंमत १९,९५० पौंड. ही बातमी फिरली आणि मला येणाऱ्या फोनांची जातच बदलली. लंडन, स्लाउ, लेस्टर इथली आपली मराठी मंडळी, चांगली कमावती, विचारतात, "ताई, एक गाडी सापडलीय. तीस वर्षं गॅरेजात झाकून होती, जेमतेम चार हजार मैल झालेत. घेऊन ठेवू का?"

मी वॉरिकशरमध्ये राहते आणि जुन्या गाड्या तपासते. गिऱ्हाईक पैसे देण्याआधी मला पाठवतं, मी गाडीखाली शिरते, कागद चाळते, अहवाल लिहून देते. पाना धरायला शिकले कोल्हापूरच्या उद्यमनगरात, मामाच्या वर्कशॉपमध्ये. घेऊ की नको याचं उत्तर फोनवर देत नाही. पण मी ज्या क्रमानं बघते तो क्रम सांगते, म्हणजे मला बोलवायच्या आधी निम्म्या गाड्या तुम्ही स्वतःच बाद कराल.

आधी गाडी सोडा, तिच्या भावंडांकडे बघा

आरएस५०० फक्त ५०० बनल्या. रेसिंगच्या ग्रुप ए वर्गात उतरायचं तर तेवढ्या रस्त्यावरच्या गाड्या विकणं भाग होतं, म्हणून फोर्डनं त्या करून घेतल्या. मोठा टर्बो, जास्त जाड इंजिन ब्लॉक, आणि चार जादाचे इंजेक्टर, जे रस्त्यावरच्या गाडीत जोडलेलेच नव्हते, रेसवाल्यांसाठी नुसते बसवून दिलेले. घेणाऱ्यांनी त्या दामटल्या, ठोकल्या, पुष्कळ चोरीला गेल्या. त्यामुळे पाच हजार मैलांची शाबूत गाडी निघाली की दोन श्रीमंत माणसं हट्टाला पेटतात. भाव असा बनतो.

आता उलटं उदाहरण. १९७८ मध्ये इंडियानापोलिसच्या शर्यतीत शेवरले कॉर्व्हेट पेस कार होती, म्हणजे शर्यत सुटण्याआधी सगळ्यांच्या पुढे धावणारी गाडी, आणि तिच्या काळ्या-चंदेरी प्रतिकृती कंपनीनं विकायला काढल्या. यादीतली किंमत १३,६५३ डॉलर. मार्चमध्ये वॉल स्ट्रीट जर्नलनं पहिल्या पानावर या गाडीच्या सट्ट्याची बातमी दिली आणि झुंबड उडाली. लोकांनी दुप्पट पैसे मोजले आणि गाडी थेट गॅरेजात नेऊन झाकली. दारावरची स्टिकरं गाडीसोबत सुटी यायची, ती कित्येकांनी अजूनही चिकटवलेली नाहीत. गाड्या निघाल्या ६,५०२, म्हणजे जवळजवळ प्रत्येक डीलरला एक. महागाई धरली तर ते १३,६५३ डॉलर आज ६५ हजारांच्या आसपास जातात, आणि बिनचालवलेल्या पेस कार बहुतेक वेळा त्याहून कमी भावात विकल्या जातात. ज्यांनी दुप्पट दिले त्यांचं काय, ते तुम्हीच मांडा.

म्हणून पहिला प्रश्न मैलांचा नसतो. किती बनल्या, आणि त्यातल्या किती अशाच झाकून ठेवल्यात, हे आधी शोधा. ज्या गाडीवर कारखान्यानंच "मर्यादित आवृत्ती"ची पाटी लावून दिली, ती शंभर लोकांनी जपून ठेवलेली असतेच. जी त्या काळी कुणाला जपावीशी वाटली नाही, तीच आज कमी मैलांत मिळत नाही.

आणि मैल हा भावाचा एकच धागा आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचला १९९५ ची मॅकलारेन एफ१ विकली गेली, मीटरवर २४२ मैल, किंमत २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलर. दोनच वर्षं आधी मॉंटेरेला दुसरी एफ१ गेली होती १ कोटी ९८ लाखांना, आणि ती हजारो किलोमीटर पळालेली होती. पण ती एलएम बनावटीची होती, जास्त ताकदीचं इंजिन, रेसच्या गाडीसारखे पंख. बनावट दुर्मीळ असली की मीटरकडे लोक काणाडोळा करतात. नुसतं मीटर दुर्मीळ असलं तर बनावटीकडे करत नाहीत.

आकडा खरा आहे हे गाडीनं सांगू नये, कागदांनी सांगावं

ऐंशीच्या दशकातल्या गाड्यांचं मीटर यांत्रिक. अमेरिकन गाड्यांत बरेचदा पाचच आकडे, म्हणजे १,०४,००० मैल झाले की ते ४,००० दाखवतं. केबल काढून ठेवली की गाडी पळते, मीटर झोपतं. महागड्या इटालियन गाड्यांच्या बाबतीत हे इतक्यांनी केलंय की मी ते गृहीतच धरते. शिवाय त्या काळच्या पोर्शे ९११ मध्ये मीटरच्या आतला प्लॅस्टिकचा दातेरी गिअर ठिसूळ होऊन तुटतो. काटा वेग दाखवत राहतो, मैल तिथंच अडकतात. यात मालकाची लबाडीही नसते.

अशी एक ९११ मी तपासली होती. मीटरवर अकरा हजार मैल, रंग सुरेख, विक्रेता भलता गोड. बिलांची फाईल उघडली तर क्लच दोनदा बदललेला. अकरा हजार मैलांत दोन क्लच! एमओटीच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीच्या, कागदांवर सलग काही वर्षं तोच आकडा. "तेव्हा चालवलीच नाही," विक्रेता म्हणाला. मग त्याच वर्षांत नवे टायर कशाला घातले, याचं उत्तर आलं नाही.

ब्रिटनमध्ये कागद असे बघा. एमओटीचा इतिहास सरकारी साइटवर फुकट दिसतो, पण साधारण २००५ पासूनचाच. गाडी त्याआधीच उभी राहिली असेल तर जुनी कागदी प्रमाणपत्रं हवीत, प्रत्येकावर मैल लिहिलेले असतात. गाडी रस्त्यावरून काढल्याची नोंद, म्हणजे सॉर्न, १९९८ मध्ये सुरू झाली. "१९९२ पासून उभी आहे" अशा गाडीची त्या वर्षांची सॉर्न मिळणार नाही, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. पण उभी करण्याआधीची पाच वर्षं तरी सलग दिसली पाहिजेत. व्ही५सी वर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, आधीचे मालक किती ते बघा. ब्रिटिश बनावटीची गाडी असेल, एमजी किंवा ट्रायम्फ, तर गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून कारखान्याच्या नोंदवहीवरून प्रमाणपत्र मिळतं: कधी बनली, कोणता रंग, कुठं पाठवली. त्यानं मैल सिद्ध होत नाहीत, पण गाडी तीच आहे हे कळतं.

अमेरिकेतल्या मंडळींनी एक लक्षात ठेवावं. २०१० आणि त्याआधीच्या मॉडेलना विकताना मीटरचा आकडा लिहून देण्याची सक्ती आता केंद्रीय कायद्यात नाही. टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, "एक्झेम्प्ट" (सूट) असा शब्द असेल तर त्या आकड्याला कायद्याचं पाठबळ शून्य. उलट कारखान्याचं मूळ प्रमाणपत्र, ज्यावर गाडी अजून कुणाच्याच नावावर नोंदलेली नाही, ते सापडलं तर तो कागद सोन्याचा.

हात लावून बघण्यासारखं

टॉर्च, आरसा आणि रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र घेऊन जा. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. एकाच दारावर ३०० दिसले तर तिथं पुन्हा रंग मारलाय, किंवा खाली लांबी (पुट्टी) भरलीय. झाकून ठेवलेल्या गाडीला रंग का लागला, हे विचारा.

मग तारखा. काचेवर, सीटबेल्टच्या लेबलवर, चाकांच्या ओतकामावर बनवल्याची तारीख किंवा खुणा असतात. त्या गाडीच्या जन्माआधी काही आठवडे-महिने असाव्यात. नंतरची तारीख म्हणजे भाग बदललाय. टायरवर डॉट (DOT) अक्षरांनंतरचे शेवटचे आकडे बघा: २००० पासून चार आकडे, आठवडा आणि वर्ष, त्याआधी तीनच. ३४७ म्हणजे ३४ वा आठवडा, सात साल, म्हणजे ८७ मध्ये बनलेल्या गाडीवर बरोबर. पाच हजार मैलांच्या गाडीवर मूळ टायर असायला हरकत नाही. दुसरा जोड असेल तर पहिला का गेला याचं कारण हवं.

झीज लपवणं अवघड असतं ती जागा म्हणजे ब्रेकची डिस्क. बोटाचं नख कडेवरून फिरवा. पाच हजार मैलांत कडेला कंगोरा जवळजवळ नसतो. चाळीस हजारांत नख अडकतं. पेडलचं रबर नवं असेल आणि शेजारचा गालिचा टाचेखाली चेपलेला, तर रबर बदललंय. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, स्टिअरिंगची वरची बाजू, पुढच्या बंपरखालचे खड्यांचे टवके. डॅशबोर्डच्या मीटरभोवतीच्या स्क्रूंच्या खाचा ओरबाडलेल्या दिसल्या की मी पुढचं सगळं दुप्पट सावधपणे बघते.

उभं राहून काय होतं

मामा म्हणायचा, चालत्या गाडीचे रोग कळतात तरी. इथं येऊन ते जास्त पटलं.

ओक्लाहोमातल्या टल्सा शहरानं १९५७ मध्ये एक नवीकोरी प्लायमाउथ बेल्व्हेडिअर काँक्रीटच्या तळघरात पुरली, पन्नास वर्षांनी काढायची म्हणून. जून २००७ मध्ये लोकांच्या गर्दीसमोर ती वर काढली तेव्हा गंजाचा सांगाडा उरला होता, कारण तळघरात पाणी भरलं होतं. जगातल्या सर्वांत कमी चाललेल्या ५७ च्या गाड्यांपैकी एक, आणि चालवण्याच्या लायकीची नाही. नेब्रास्कात पिअर्स गावी लॅम्ब्रेक्ट नावाच्या शेवरले डीलरनं न विकलेल्या गाड्या दशकानुदशकं साठवल्या होत्या, त्यांचा लिलाव सप्टेंबर २०१३ मध्ये झाला. १.३ मैल चाललेला १९५८ चा कॅमिओ पिकअप १,४०,००० डॉलरना गेला. पण तिथल्या कितीतरी गाड्या शेतात उघड्यावर उभ्या होत्या. मीटर नवं आणि तळ कुजलेला. तेव्हा मैल किती, यानंतर लगेच विचारायचं: कुठं उभी होती, कशावर, आणि तिथली हवा कशी?

आता एकेक अवयव. पेट्रोल काही महिन्यांत बिघडायला लागतं, वर्षांनी त्याची राळ बनते, इंजेक्टर आणि कार्ब्युरेटरची भोकं बुजतात. टाकीचं झाकण उघडून वास घ्या. जुन्या व्हार्निशसारखा आंबट वास आला की इंधनाची सगळी लाईन काढावी लागणार. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा पितं, आणि कॅलिपरच्या आतून गंज धरतो. कूलंटमधलं गंजरोधक संपलं की ॲल्युमिनियमचं हेड आतून खाल्लं जातं. क्रँकच्या टोकाच्या ऑइल सीलची कड सुकून शाफ्टला चिकटते, पहिल्याच फेऱ्यात फाटते, आणि ती बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. क्लचची प्लेट फ्लायव्हीलला घट्ट बसते. एसीचे ओरिंग, म्हणजे सांध्यांतली रबरी कडी, कोरडे पडतात. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं असणं इतकं नेहमीचं की मी तो डबा सर्वांत आधी उघडते. घरटं दिसलं की वायरिंगची रांग तपासते.

काही रोगांचा चालवण्याशी काहीच संबंध नाही. नव्वदच्या दशकातल्या फेरारींत, एफ३५५ वगैरे, आतल्या बटणांवरचा मऊ लेप चिकट होतो, गाडी एक मैल चालो की लाख. स्पीकरचा फोम भुगा होतो. त्याच काळातल्या जपानी गाड्यांच्या, खास करून मित्सुबिशी जीटीओच्या, इंजिन कॉम्प्युटरमधले कॅपॅसिटर गळतात आणि बोर्ड खातात. "नवी आहे, काही करायला नको" असं सांगणाऱ्याला हे विचारून बघा.

हिशेब

आता पेन्सिल घ्या. समजा त्याच मॉडेलची चाळीस हजार मैलांची, चांगली ठेवलेली गाडी ६०,००० पौंडांना मिळते, आणि झाकलेल्या गाडीला १,१०,००० सांगतायत. लिलावात घेतली तर वर खरेदीदाराचा प्रीमियम, साधारण १० ते १५ टक्के, आणि ब्रिटनमध्ये त्या प्रीमियमवर २० टक्के व्हॅट. १२ टक्के धरले तर सगळे मिळून पंधरा-सोळा हजार. गाडी पुन्हा चालती करायला टायर, ब्रेक, इंधनाची लाईन, बेल्ट, होस, सील धरून दहा हजार. टेस्टारोसा किंवा एफ३५५ असेल तर टायमिंग बेल्टसाठी आख्खं इंजिन खाली उतरतं, तेव्हा हा आकडा हसत वाढतो. हवा कोरडी ठेवणाऱ्या जागेचं भाडं महिना दीडशे ते तीनशे पौंड आणि विमा. दहा वर्षांत तीस हजार सहज.

बेरीज केली तर दहा वर्षांनी गाडी १,६५,००० च्या वर गेली तरच तुम्ही आहात तिथं आहात, आणि यात महागाई धरलेलीच नाही. विकताना लिलावगृहाचं कमिशन वेगळं. एक बाजू चांगली: ब्रिटनमध्ये खाजगी गाडीच्या नफ्यावर भांडवली कर लागत नाही. अमेरिकेत लागतो, संग्राह्य वस्तूंचा, कमाल २८ टक्के.

हे मी घाबरवायला सांगत नाही. पण ६०,००० ची गाडी घेऊन रविवारी वेल्सच्या डोंगरात फिरवणाऱ्याला गाडी तरी मिळते. चाळीस हजारांची एक्केचाळीस केली तर कुणी विचारत नाही. तीनशे मैलांची हजारावर नेली की ज्या गोष्टीचे जादा पैसे दिले तीच खर्च झाली. बायकोला किंवा नवऱ्याला हे आधी सांगा, कारण पहिल्या उन्हाळ्यात घरात भांडण यावरूनच होतं.

घेतलीच, तर

गाडी ट्रकवरून आणा. किल्ली फिरवू नका, विक्रेता "एकदा आवाज तर ऐका" म्हणाला तरी. आधी टाकी रिकामी करून आतून बघा. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा, एक-दोन दिवस थांबा. टायमिंग बेल्ट असलेलं इंजिन असेल तर जुन्या बेल्टवर फिरवूच नका, आधी बेल्ट बदला; तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मग पाना लावून क्रँक हातानं फिरवा. अडला तर जोर करू नका. सुटला तर नवं ऑइल, नवा फिल्टर, इंधन पंपाचा फ्यूज काढून स्टार्टरनं फिरवा, ऑइलचा दाब आला की मगच फ्यूज आणि प्लग लावा.

काढलेला एकही भाग टाकू नका. मूळ टायर, मूळ होस, मूळ बॅटरीचं झाकणसुद्धा. प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी बांधा, फोटो काढा, कोरड्या खोक्यात ठेवा. तीस वर्षांच्या टायरवर गाडी चालवायची नाही, पण पुढचा खरेदीदार त्याच टायरसाठी पैसे देईल.

साठवताना सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. साठच्या वर गंज आणि बुरशी, चाळीसच्या खाली चामडं तडकतं. बॅटरीला मंद चार्जर, हँडब्रेक सोडलेला, चाकांना ठोकळे. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालंय, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं; इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून कमी इथेनॉलचं सुपर पेट्रोल भरा. आणि दर रविवारी पाच मिनिटं इंजिन सुरू करून बंद करण्याची हौस असेल तर ती सोडा: जळणात पाणी तयार होतं, इंजिन नीट तापत नाही तोवर ते ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्येच राहतं. सुरू करायची तर वीस-पंचवीस मैल चालवून आणा, नाहीतर हात लावू नका. विमा ठरलेल्या किमतीचा घ्या, म्हणजे रक्कम आधीच करारात लिहिलेली. बाजारभावाचा घेतलात तर कंपनी चाळीस हजार मैलांच्या गाडीचा भाव दाखवेल.

शेवटी तो प्रश्न, जो प्रत्येक फोनच्या शेवटी येतोच: पुण्याला नेता येईल का? भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज नोंदणी मिळते, नंबरात "व्हीए" अक्षरं, नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि ती रोजच्या वापराला चालत नाही. १९८७ ची आरएस५०० पन्नाशी गाठेल २०३७ मध्ये. तोवर आयातीचे नियम आणि ड्यूटी किती वेळा बदलतील ते दिल्लीलाच ठाऊक, तेव्हा पुण्याच्या भरवशावर गाडी घेऊ नका.